मुदतीचा टाका

अक्कलदाढ काढल्यावर हिरडीत घातलेला टाका पाचव्या-सहाव्या दिवशी सैल पडतो, त्याचे टोक जिभेला लागू लागते आणि एखाद्या सकाळी चूळ भरताना धाग्याचा तुकडा पाण्याबरोबर बाहेर येतो. बहुतेकांच्या पोटात तेव्हा गोळा येतो. टाका तुटला, जखम उघडी पडली, आता पुन्हा त्या खुर्चीत बसावे लागणार, असे वाटते. काही जण याच्या उलट करतात आणि लोंबणारा धागा चिमटीत धरून ओढतात. भीती आणि घाई या दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: टाका टिकण्यासाठी घातलेला असतो आणि तो टिकला नाही म्हणजे काहीतरी बिघडले. ही समजूत एकट्या रुग्णाची नाही. वैद्यकाने स्वतः ती शतकानुशतके बाळगली. आपोआप विरघळणाऱ्या टाक्याची कुळकथा ही समजूत सुटत जाण्याची कथा आहे. धाग्याचे कुजणे, शरीरात झिजणे, ओलाव्यात निकामी होणे हे सगळे आधी दोष मानले गेले आणि मग एकेक करून गुण ठरले. ही कथा ठाऊक असेल तर टाक्यांची काळजी घेण्याच्या सूचना घोकाव्या लागत नाहीत. प्रत्येकीमागचे कारण दिसू लागते.

जखम शिवण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि सीवन हा त्यांतला एक. शिवायला काय घ्यावे याची यादीही तिथे आहे: बारीक सूत, अश्मंतकाच्या सालीचे तंतू, ताग, क्षौम म्हणजे अळशीचा धागा, स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेल. शिवणीच्या वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी, ऋजुग्रंथि अशा जातीही सांगितल्या आहेत. पण या कुळकथेच्या दृष्टीने संहितेतला सर्वांत मोलाचा उल्लेख धाग्याचा नाहीच. चिकित्सास्थानात पोटाच्या विकारांवरील शस्त्रक्रियेचे वर्णन येते. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंगळ्यांकडून चावे घेववायचे, मुंगळ्यांची धडे तोडायची, डोकी तशीच ठेवायची आणि आतडे आत सारून पोट शिवायचे. कातडीवरचा टाका आठवड्याने काढता येतो, आतड्यावरचा काढता येत नाही. जे आत ठेवले ते आतच राहणार, ही अडचण त्या शल्यकाराने पुरती ओळखली होती. यावरून विरघळणाऱ्या टाक्याचा शोध सुश्रुताने लावला असे म्हणण्याचा मोह होतो, पण ते म्हणणे बरोबर नाही. यादीतला स्नायूचा धागा शरीर पचवू शकते हे खरे. मात्र धागा पचावा म्हणून निवडावा, असे संहिता कुठे म्हणत नाही. प्रश्न मांडणे आणि उत्तर सापडणे यांत पुष्कळ अंतर असते, आणि प्रश्न इतका नेमका मांडणे हेही थोडे काम नव्हे.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने या प्रश्नाचे उत्तर उलट्या दिशेने दिले. रक्तवाहिनी बांधायची तर सहज न कुजणारा धागा घ्या, असा त्याचा सल्ला होता. केल्टांच्या मुलखातून येणारा चांगला धागा रोमच्या कोणत्या रस्त्यावर विकत मिळतो हेही त्याने लिहून ठेवले. तो नसेल तर रेशीम, आणि आतड्याची बारीक तात ही शेवटची सोय. आतड्याची तात म्हणजे पिंजारी धनुकलीला लावतो किंवा जुन्या सारंगीला असते तीच वस्तू. मेंढीचे आतडे स्वच्छ करून, खरवडून, पिळून वाळवलेली दोरी. दहाव्या-अकराव्या शतकात स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळ अल-जहरावी या शल्यवैद्याने अशीच तात आतडे शिवायला वापरली आणि आपल्या ‘अल-तसरीफ’ या मोठ्या ग्रंथात ते नोंदवले. तरीही मुख्य प्रवाह गेलेनच्याच वाटेने गेला. १५५२ मध्ये फ्रेंच शल्यवैद्य आम्ब्रुआझ पारे यांनी तोडलेल्या पायाच्या रक्तवाहिन्या तापल्या लोखंडाने डागण्याऐवजी धाग्याने बांधायला सुरुवात केली. डागण्यापेक्षा हे कितीतरी दयाळू होते. पण पुढची तीनशे वर्षे त्या धाग्याची लांब टोके जखमेबाहेर लोंबती ठेवली जात. आतल्या धाग्याभोवती, तो परकी वस्तू म्हणून, पू होऊन तो सुटेपर्यंत शल्यवैद्य रोज टोक हलके ओढून पाहत. धागा वेळेआधी सुटला तर रक्ताचा लोट, उशिरा सुटला तर आठवडेच्या आठवडे वाहणारी जखम. न कुजणाऱ्या धाग्याची ही किंमत होती आणि ती रुग्ण भरत होता.

या टप्प्यावर पुण्याकडची एक घटना आठवणे आवश्यक आहे, कारण टाका कशासाठी असतो हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. नंतर पुण्याजवळच्या एका कुंभार समाजातल्या शल्यकाराने कपाळावरची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचे सचित्र वर्णन छापून आले आणि युरोपातल्या शस्त्रक्रियेला त्याने नवी दिशा दिली. त्या वर्णनात टाक्यांचा उल्लेख नाही. कातडीची कड नाकाजवळ पाडलेल्या खाचेत बसवली आणि पाण्यात मऊ केलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर लावून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस त्याला हात लावला नाही. नाक जडले. जडवण्याचे काम शरीर करते. बाहेरून लागते ते एवढेच, की दोन कडा काही दिवस एकमेकींजवळ हलल्याविना राहाव्यात. मग ते काम काथाने होवो, मुंगळ्याच्या जबड्याने होवो की धाग्याने. आणि ते दिवस मोजके असतात. काम संपल्यावर जो धागा मागे उरतो तो उपकारक राहत नाही, तिथे तो नुसती अडगळ असतो.

हे सूत्र धाग्याला लावण्याचे श्रेय फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य फिलिप सिंग फिझिक यांना द्यावे लागते. जखमेवर चिकटवलेल्या चामड्याच्या पट्ट्या जखमेच्या स्रावात भिजून मऊ पडतात आणि विरून जातात, हे त्यांनी पाहिले. पट्टी बनवणाऱ्याने याला दोष म्हटले असते. फिझिक यांनी उलट विचार केला: चामडे विरते तर चामड्याच्याच दोरीने रक्तवाहिनी का बांधू नये? १८१६ मध्ये त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी ८० वर्षांच्या एका वृद्धाची रक्तवाहिनी आतड्याच्या तातीने बांधली, टोके कापून टाकली आणि जखम बंद केली. ती भरली. पण नंतर हाच प्रयोग इतर रुग्णांवर तितका साधला नाही आणि शल्यवैद्यांनी तात टाकून दिली. दोष तातीत नव्हता, तिच्याबरोबर जखमेत जाणाऱ्या जंतूंत होता. ते त्या काळी कोणालाच माहीत नव्हते.

ते कळले शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांना. कार्बोलिक आम्लाने जखमा निर्जंतुक ठेवण्याची पद्धत त्यांनी १८६७ मध्ये मांडली होती. १८६८ च्या अखेरीस त्यांनी एका वासराच्या मानेतली धमनी दोन ठिकाणी कार्बोलिकमध्ये भिजवलेल्या धाग्यांनी बांधली. एक धागा बैलाच्या आतड्यावरच्या पातळ पडद्याच्या पट्ट्या पिळून केलेला, दुसरा आतड्याची बारीक तात. टोके कापून जखम मिटवली. महिन्याने वासरू मारून पाहिले तेव्हा धमनीभोवती धागे अजून जागच्या जागी दिसत होते. पण जवळून पाहता ते मूळचे धागे नव्हतेच. त्यांच्या जागी जिवंत ऊती भरून आली होती. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये हा वृत्तान्त आला. धागा शरीराबाहेर पडण्याची वाट पाहायची नाही, शरीरानेच त्याला आपल्यात जिरवायचे, ही कल्पना इथे पहिल्यांदा निर्विवादपणे सिद्ध झाली. तात फार लवकर विरते हे पुढे लक्षात आले तेव्हा लिस्टर यांनी तिच्यावर क्रोमिक आम्लाची प्रक्रिया केली. कातडे कमावल्यावर जसे टिकाऊ होते, त्याच तत्त्वाने तात जास्त दिवस टिकू लागली. १८८१ मध्ये त्यांनी ही पद्धत जाहीर केली. माझ्या मते या कुळकथेतला हा सर्वांत मोठा टप्पा आहे, वासराच्या प्रयोगाहूनही मोठा. कारण इथे धागा विरतो एवढे कळून थांबले नाही. किती दिवसांनी विरावा हे माणसाने ठरवायला सुरुवात केली. टाक्याला मुदत मिळाली.

ती मुदत मात्र पक्की नव्हती. तात हे प्रथिन आहे, आणि पांढऱ्या पेशींमधली पाचक द्रव्ये जेवण पचवावे तशी तिला पचवतात. जिथे सूज आणि जंतू जास्त तिथे पेशीही जास्त, म्हणून तिथे तात लवकर संपते. ज्या जखमेला धाग्याची सर्वाधिक गरज, तिथेच तो आधी दगा देतो. साधी तात शरीरात सात ते दहा दिवस जोर धरते आणि क्रोमिक तात दोन ते तीन आठवडे. तोंडात हा हिशेब आणखी आखूड होतो. साधी तात तिथे तीन ते पाच दिवसांतच सुटते. शिवाय ती उकळता येत नाही. उकळली की तिचे जिलेटिन होते. त्यामुळे तिचे निर्जंतुकीकरण करताना कारखानदारांनी अनेक वर्षे आयोडिनपासून कोरड्या उष्णतेपर्यंत नाना उपाय केले. गुरांमधल्या मेंदूच्या रोगाची भीती पसरल्यावर २००१ च्या सुमारास युरोपने आणि जपाननेही तात वापरणे सोडले. भारतात ती अजून वापरली जाते, मुख्यतः स्वस्त आहे म्हणून. स्वस्ताई हे कारण मी क्षुल्लक मानत नाही. सरकारी रुग्णालयात रोज किती टाके घातले जातात ते पाहता पैशाचा विचार करावाच लागतो. पण तात म्हणजे जुनी, अनुभवसिद्ध आणि म्हणून श्रेष्ठ, असे कोणी म्हणेल तर ते पटण्यासारखे नाही. बाळंतपणातल्या टाक्यांवर झालेल्या अभ्यासांत कृत्रिम विरघळत्या धाग्याने दुखणे कमी राहते असे दिसून आले आहे.

कृत्रिम धाग्याचा जन्म याच कथेची दुसरी आवृत्ती आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीत नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोदर्स आणि त्यांचे सहकारी ग्लायकोलिक आम्लापासून साखळीसारखे पदार्थ बनवत होते. ते पदार्थ ओलाव्यात तुटत. कपड्यासाठी, दोरीसाठी, मासेमारीच्या जाळ्यासाठी असल्या धाग्याचा उपयोग काय? तो बाजूला पडला आणि नायलॉन जगभर गेले. पुढे अमेरिकन सायनामिड कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी त्याच दोषाकडे शल्यवैद्याच्या नजरेने पाहिले. शरीर आतून ओलेच असते. तिथे ठरावीक वेगाने तुटणारा आणि तुटून ग्लायकोलिक आम्लासारखा साधा पदार्थ होऊन निघून जाणारा धागा यापेक्षा चांगला तो कोणता? १९६७ मध्ये पेटंट झाले आणि १९७० च्या आसपास ‘डेक्सॉन’ या नावाने तो बाजारात आला. मग १९७४ मध्ये ग्लायकोलाइड ९० टक्के आणि लॅक्टाइड १० टक्के असलेला ‘व्हिक्रिल’ आला. हे धागे पचवायला पेशी लागत नाहीत, पाणी पुरते. म्हणून त्यांची मुदत रुग्णागणिक फारशी बदलत नाही, आणि म्हणूनच ते हवेतला दमटपणा शिरू न देणाऱ्या चकचकीत धातूच्या पाकिटात बंद असतात. व्हिक्रिलचा जोर दोन आठवड्यांनी सुमारे तीन चतुर्थांश, तीन आठवड्यांनी निम्मा उरतो आणि धागा नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस लागतात.

हिरडीसाठी ही मुदतही जास्तच. तोंडातली जखम कातडीपेक्षा लवकर भरते आणि महिनाभर राहणारा विणलेला धागा अन्नकण धरून ठेवतो. इथे पुन्हा एका दोषाने वाट दाखवली. वैद्यकीय साहित्य गॅमा किरणांनी निर्जंतुक करण्याची सोय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर झाली. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बे इथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘आयसोमेड’ हे केंद्र १९७४ मध्ये याच कामासाठी सुरू झाले. पण या कृत्रिम धाग्यांना गॅमा किरण सोसत नाहीत, त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. म्हणून ते सहसा इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. मग धाग्याला मुद्दामच गॅमा किरण देऊन त्याच्या साखळ्या आखूड केल्या तर? तसे केल्यावर ‘व्हिक्रिल रॅपिड’ मिळाला. त्याचा जोर पाच दिवसांत निम्म्यावर येतो, दहा ते चौदा दिवसांत संपतो आणि सुमारे ४२ दिवसांत धागा पूर्ण विरून जातो. अक्कलदाढेनंतर अनेक दंतवैद्य आज हाच किंवा याच्यासारखा धागा घालतात.

आता त्या पहिल्या सकाळकडे पाहा. रुतलेली खालची अक्कलदाढ काढताना हिरडी कापून बाजूला सारावी लागते आणि बरेचदा थोडे हाडही काढावे लागते. नंतर हिरडी मूळ जागी आणून एक-दोन टाक्यांनी थोपवतात. टाका दाढेचा खड्डा बुजवत नाही. तो खड्डा रक्ताच्या गुठळीने भरतो, गुठळीच्या जागी हळूहळू नवी ऊती आणि मग हाड येते. टाक्याचे काम पहिले काही दिवस हिरडी जागेवर धरण्याचे, एवढेच. तेव्हा पाचव्या-सहाव्या दिवशी धागा सुटला, रक्त येत नाही आणि दुखणे वाढत नाही, तर टाक्याने आपली मुदत पुरी केली. सुटलेला धागा गिळला गेला तरी अपाय नाही. लोंबणारे टोक ओढू मात्र नये, कारण धाग्याची एक बाजू सुटली तरी दुसरी कोवळ्या ऊतीत असू शकते. खरी जपणूक गुठळीची करायची असते. ती निखळली की खालचे हाड उघडे पडते आणि दोन ते चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. याला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात आणि हे नाव १८९६ पासून रूढ आहे. म्हणून पहिला दिवस जोरात थुंकायचे नाही, चूळ खळखळून भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचे नाही. या तिन्हींत तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी सुटते. दिलेला गॉजचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा. बाहेरून गालावर बर्फाचा शेक पहिल्या दिवशीच उपयोगी, नंतर फारसा नाही. खायला पेज, मऊ खिचडी, दहीभात असे कोमट किंवा थंड. शेव, चिवडा, शेंगदाणे, तीळ असले बारीक टणक पदार्थ आठवडाभर दूर ठेवायचे. दुसऱ्या दिवसापासून जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ आणि बाकीच्या दातांना नेहमीसारखा ब्रश.

महाराष्ट्रात यात एका गोष्टीची भर घालावीच लागते. मिश्री बोटाने हिरड्यांना चोळण्याची सवय खेडोपाडी, विशेषतः स्त्रियांमध्ये, अजून आहे, आणि विड्या, तंबाखू, गुटखा सर्वत्र आहेत. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आवळला जातो, ओढताना किंवा थुंकताना गुठळी निखळते आणि मिश्रीचे बोट तर थेट जखमेवर फिरते. दाढ काढून आलेल्या बाईला घरात कोणी हे सांगत नाही. औषधाच्या चिठ्ठीवर ‘धूम्रपान टाळा’ एवढेच असते आणि मिश्री म्हणजे धूम्रपान असे तिला वाटत नाही. दंतवैद्यांनी ‘मिश्री’ हा शब्द उच्चारून सांगायला हवे. लवंगेचे तेल किंवा हळद खड्ड्यात भरण्याचा घरगुती उपायही ताज्या जखमेवर करू नये. ड्राय सॉकेट झाल्यावर लवंगतत्त्व असलेले औषध दंतवैद्य स्वतः भरतात, ती गोष्ट वेगळी.

इथे काही आक्षेप येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. धागा पाण्याने तुटतो, तर मिठाच्या चुळा त्याची मुदत कमी करत नाहीत का? नाही, कारण धागा लाळेत आणि ऊतींच्या द्रवात रात्रंदिवस भिजलेलाच असतो. दिवसातून चार-पाच वेळा अर्धा मिनिट लागलेल्या पाण्याने त्यात फरक पडत नाही. पडतो तो जोराने, म्हणजे खळखळण्याने आणि जिभेने सतत चाळवण्याने. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रेशमाचा टाका आठव्या दिवशी काढावा लागतो, त्या निमित्ताने रुग्ण परत येतो आणि दंतवैद्याला जखम पाहायला मिळते. विरघळणाऱ्या टाक्याने ती भेट हरवते. हे खरे आहे, आणि म्हणून भेट टाळू नये हेच त्याचे उत्तर आहे. विणलेले रेशीम तोंडात जंतूंना वातीसारखे आत खेचते. ते केवळ भेटीसाठी ठेवणे मला योग्य वाटत नाही. तिसरा आक्षेप असा, की शरीरच जडवते तर टाका हवाच कशाला? काही दाढांना तो खरोखर लागत नाही. अनेक दंतवैद्य हिरडी पूर्ण न मिटवता मागे थोडी फट ठेवतात, त्यातून रक्तमिश्रित स्राव निघून जातो आणि सूज व दुखणे कमी राहते असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून टाके कमी घातले याचा अर्थ काम अर्धवट केले, असा घेऊ नये.

मुदतीला दोन्ही टोके असतात. पहिल्या दिवशीच सगळे टाके सुटले आणि हिरडी लोंबू लागली, दाबूनही रक्त थांबेना, सूज तिसऱ्या दिवसानंतर उतरण्याऐवजी चढू लागली, ताप आला, पू दिसला, ओठ किंवा जीभ बधिर राहिली, किंवा तीन आठवड्यांनंतरही धागा टोचत राहिला, तर वाट पाहू नये, दवाखान्यात जावे. बाकी काळजीचा निम्मा भाग एका प्रश्नाने मिटतो, आणि तो खुर्चीतून उठण्याआधी विचारायचा असतो: डॉक्टर, धागा कोणता घातला आणि तो किती दिवसांनी सुटेल? साधी तात असेल तर तीन ते पाच दिवस, क्रोमिक असेल तर आठवडा-दहा दिवस, व्हिक्रिल रॅपिड असेल तर दोन आठवड्यांच्या आत, साधा व्हिक्रिल असेल तर तीन-चार आठवडेही. उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या.